आयसीपी मॉनिटर आणि ब्रेन डेथ: सारखे विचारले जाणारे प्रश्न

न्यूरो आयसीयूत काम करतो, त्यामुळे हे प्रश्न सतत येत असतात, अर्धे नातेवाईकांचे आणि अर्धे रेसिडेंट, सिस्टर लोकांचे. दरवेळी तेच टाईप करण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवलंय. ब्रेन डेथ म्हणजे हृदय चालू असूनही मेंदूचं काम कायमचं थांबणं. प्रेशरचे सगळे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आहेत, म्हणजे बीपी ज्यात मोजतात तेच. तुमच्या पेशंटचा निर्णय मात्र त्याला समोर बघणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्या, इथलं वाचून नाही.

१. आयसीपी म्हणजे नक्की काय आणि नॉर्मल किती असतो?

कवटीच्या आतलं प्रेशर. कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा, आत तीनच गोष्टी: मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी (सीएसएफ). एक वाढली की बाकीच्यांना जागा सोडावी लागते, आणि सोडायला जागा उरली नाही की प्रेशर झपाट्याने चढतं. अलेक्झांडर मन्रोने हे १७८३ मध्ये मांडलं, केलीने १८२४ मध्ये पुढे नेलं, आणि आजही आयसीयूत आम्ही याच तत्त्वावर चालतो. पडून असलेल्या मोठ्या माणसात साधारण ७ ते १५ नॉर्मल. डोक्याच्या मारात २२ च्या वर टिकून राहिला तर उपचार करा असं २०१६ च्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या गाइडलाइनमध्ये आहे.

२. हे मोजतात कसं? डोक्याला भोक पाडतात का?

हो, लहानसं. दोन पद्धती जास्त चालतात. एक ईव्हीडी, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत नळी घालायची, तिच्यातून प्रेशरही कळतं आणि पाणी काढताही येतं. दुसरी म्हणजे बारीक सेन्सर थेट मेंदूच्या पेशींमध्ये बसवायचा, त्यातून पाणी काढता येत नाही पण पोकळ्या दबून गेल्या तरी रीडिंग येत राहतं. रक्तस्राव आणि इन्फेक्शनचा धोका दोन्हीत आहे, ईव्हीडीत इन्फेक्शनचा जास्त.

३. प्रेशर वाढल्याने मेंदू मरतो कसा?

मेंदूत रक्त ढकलणारी ताकद म्हणजे सरासरी बीपी वजा आयसीपी, याला सीपीपी म्हणतात. बीपी १२०/८० असेल तर सरासरी, म्हणजे एमएपी, साधारण ९३ येतो. आयसीपी १३ असेल तर सीपीपी ८०, मस्त. पण सूज वाढत वाढत आयसीपी ९३ वर गेला तर सीपीपी शून्य, हृदय धडधडतंय, बाकी शरीरात रक्त फिरतंय, पण कवटीत शिरत नाही. त्याच्या आधी शरीर एकदा जोर लावून बघतं, बीपी वर जातं, नाडी मंदावते, श्वास वेडावाकडा होतो, यालाच कुशिंग रिफ्लेक्स म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये श्वासाचा भाग दिसत नाही, बीपी आणि नाडीवर लक्ष ठेवावं लागतं. हे होऊन गेलं आणि मग अचानक बीपी कोसळलं, दोन्ही बाहुल्या मोठ्या होऊन थांबल्या, लघवी बादलीभर यायला लागली, तर ब्रेन-स्टेम (मेंदूचा सगळ्यात खालचा, श्वास चालवणारा भाग) गेला असावा अशी शंका घ्यायची.

४. डॉक्टर म्हणाले बाबांचा आयसीपी ९० झालाय. म्हणजे ब्रेन डेथ झाली का?

नाही, आकड्यावरून ब्रेन डेथ ठरत नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि मी दरवेळी एवढंच सांगतो की ९० हा आकडा फार गंभीर आहे, आयसीपी बीपीच्या सरासरीएवढा किंवा वर जाऊन तिथेच राहिला तर मेंदूत रक्त पोचत नाहीये अशी दाट शक्यता असते, पण "मृत्यू" हा शब्द तपासणी झाल्याशिवाय कोणीही वापरू नये. कोणी आयसीयूच्या दारात उभं राहून "आकडा एवढा आहे, आता काही राहिलं नाही" म्हणत असेल तर शांतपणे विचारा की ब्रेन-स्टेमची तपासणी झाली का, कधी झाली, आणि दुसरी कधी आहे.

५. मग ब्रेन डेथ ठरवतात कशावरून?

बेडजवळच्या तपासणीवरून. आधी कारण माहीत पाहिजे, म्हणजे सीटी स्कॅनवर मोठा रक्तस्राव, मार, सूज असं काहीतरी, ज्याने मेंदू जाऊ शकतो. मग नक्कल करणाऱ्या गोष्टी बाजूला काढायच्या: झोपेची औषधं, स्नायू ढिले करणारी औषधं, थंड पडलेलं शरीर, शॉक, सोडियम-साखरेचे गोंधळ. त्यानंतर कोमा, बाहुल्यांचा प्रकाशाला प्रतिसाद, डोळ्याच्या बुबुळाला कापूस लावला तर पापणी मिटते का, डोकं फिरवल्यावर आणि कानात बर्फाचं पाणी टाकल्यावर डोळे हलतात का, चेहऱ्यावर दाब दिल्यावर काही हालचाल, उबळ, खोकला. सगळ्यात शेवटी ॲप्निया टेस्ट, म्हणजे व्हेंटिलेटर काढून ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर गेला तरी स्वतःहून एकही श्वास येत नाही ना, हे डोळ्यांनी बघायचं.

भारतात १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम लागू आहेत. चार डॉक्टरांचं बोर्ड, फॉर्म १० (ब्रेन-स्टेम डेथचं सर्टिफिकेट), आणि पूर्ण तपासणी दोनदा, मध्ये कमीत कमी ६ तास. ट्रान्सप्लांट करणाऱ्या टीममधला कोणी या बोर्डात बसू शकत नाही. फॉर्म १० उघडून वाचा, त्यात आयसीपीचा रकानाच नाही.

६. मग आयसीपी मॉनिटरचा ब्रेन डेथमध्ये उपयोग काय?

माझ्या मते तीन ठिकाणी, आणि तिन्ही तपासणीच्या आधी. पहिलं, कधी तपासायचं ते कळतं. आयसीपी एमएपीला जाऊन भिडला, काही केलं तरी उतरत नाही, ही वेळ बाहुल्या नीट बघायची आणि औषधं थांबवायचा विचार करायची. दुसरं, कारण पक्कं होतं. २०२० मध्ये वर्ल्ड ब्रेन डेथ प्रोजेक्टने जगभरच्या शिफारशी एकत्र केल्या, त्यात तपासणी सुरू करण्याआधी स्कॅनवर भयंकर सूज आणि मेंदू खाली सरकल्याचा पुरावा, किंवा आयसीपी एमएपीएवढा किंवा जास्त असल्याचं मोजमाप असावं असं म्हटलंय. म्हणजे आयसीपी दारापर्यंत आणतो, आतला निकाल तपासणीचाच. तिसरं, घरच्यांना काय चाललंय ते तासातासाला सांगता येतं, अचानक धक्का बसत नाही.

बेडजवळची तपासणी पूर्ण करता येत नसेल तेव्हाच्या जोडतपासण्या म्हणून जगभर मान्य आहेत त्या मेंदूची अँजिओग्राफी, रेडिओआयसोटोपचा रक्तप्रवाह स्कॅन आणि डोक्याची डॉपलर (टीसीडी). अमेरिकेच्या २०२३ च्या गाइडलाइनने ईईजीसुद्धा (मेंदूतल्या विजेचा आलेख) या यादीतून काढला. आयसीपी त्या यादीत नाही.

७. ब्रेन डेथ सिद्ध करायला म्हणून मुद्दाम आयसीपी टाकायचा का?

नाही. डोक्यात भोक पाडून मिळणारा आकडा जर सर्टिफिकेटवर चालणारच नसेल तर कशाला. मॉनिटर टाकतात तो पेशंट वाचवायला, आधीच असेल तर त्याची माहिती वापरायची.

८. आमच्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीपी मशीनच नाही, मग ब्रेन डेथ डिक्लेर करता येत नाही का?

बिनधास्त करता येते. प्रश्न ५ मधलं सगळं टॉर्च, कापूस, बर्फाचं पाणी, सक्शनची नळी आणि एबीजी मशीन (रक्तातले वायू मोजणारं) यावर होतं. मोठ्या शहरातसुद्धा बऱ्याच आयसीयूत सेन्सर परवडत नाही म्हणून वापरत नाहीत, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. २०१२ मध्ये बोलिव्हिया आणि इक्वाडोरमध्ये ३२४ डोक्याच्या माराच्या पेशंटवर झालेला मोठा अभ्यास आला होता, मॉनिटरच्या आकड्यावर उपचार आणि सीटी-तपासणीवर उपचार, दोन्हींच्या निकालात फरक निघाला नाही. याचा अर्थ मॉनिटर निरुपयोगी असा नाही, बारकाईने तपासणारा माणूस पाहिजे असा आहे.

काहीजण डोळ्याच्या नसेची सोनोग्राफी करतात, आवरणाची जाडी वाढली की आयसीपी वाढलाय असा अंदाज येतो. अंदाजापुरतं ठीक, ब्रेन डेथच्या कागदावर तिला स्थान नाही.

९. आयसीपी बीपीच्या वर किती वेळ राहिला की मेंदू गेला समजायचं?

मिनिटांचं असं कुठलंही मान्य गणित नाही, आणि त्याला कारण आहे. स्वीडनच्या लुंडबर्गने १९६० मध्ये दाखवलं की आयसीपी काही वेळा ५० ते १०० पर्यंत उसळतो, ५ ते २० मिनिटं तिथे राहतो आणि परत खाली येतो. ॲन्युरिझम (मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा) पुन्हा फुटला तर आयसीपी क्षणात बीपीला भिडू शकतो, रक्तप्रवाह थांबल्यासारखा होतो आणि मग परत सुरूही होतो. हे पेशंट त्या क्षणी ब्रेन डेड नसतात. त्यामुळे एक रीडिंग, एक स्क्रीनशॉट, नातेवाईकाने मोबाईलवर काढलेला मॉनिटरचा फोटो, यावरून मला मत विचारू नका प्लीज. तासनतास टिकलेलं, उपचारांना दाद न देणारं, आणि सोबत बाहुल्या-खोकला-श्वास सगळं गेलेलं, तरच त्या आकड्याला वजन.

१०. मशीनचा आकडा चुकीचा असू शकतो का?

असू शकतो, आणि हा प्रश्न रेसिडेंटनी जास्त विचारायला पाहिजे. ईव्हीडीचा ट्रान्सड्यूसर (प्रेशर मोजणारा सेन्सर) कानाच्या समोरच्या उंचवट्याच्या लेव्हलला पाहिजे, तो १० सेंटीमीटर खाली राहिला तर आयसीपी ७ ने जास्त दिसतो, वर राहिला तर तेवढाच कमी. पलंगाचं डोकं वरखाली केलं आणि लेव्हल परत केली नाही, हे रात्रीच्या ड्युटीत नेहमीचं. ईव्हीडी उघडी ठेवून घेतलेलं रीडिंग तर धरायचंच नाही, नळी बंद करून मोजायचं. पोकळ्या सुजेने दबल्या किंवा नळीत गुठळी अडकली तर लाईन सपाट दिसते, आणि गंमत अशी की मेंदूतला रक्तप्रवाह थांबला तरीही नाडीबरोबर हलणारी लाट बारीक होत होत सपाट होते, म्हणजे दोन वेगळ्या कारणांचं चित्र सारखंच. मेंदूत बसवलेल्या सेन्सरचा शून्य बिंदू दिवसेंदिवस थोडा सरकतो आणि आत असताना परत शून्य करता येत नाही.

अजून एक, यात भलेभले फसतात. डोकं ३० अंश वर असतं, आर्टरी लाईनचा (धमनीतून बीपी मोजणाऱ्या नळीचा) ट्रान्सड्यूसर छातीच्या लेव्हलला आणि आयसीपीचा कानाच्या. मग एमएपी मेंदूपाशी खरा असतो त्यापेक्षा साधारण १० ते १५ जास्त धरला जातो. स्क्रीनवर सीपीपी १० दिसतोय म्हणजे थोडंतरी रक्त जातंय असं वाटतं, प्रत्यक्षात शून्य असू शकतो. दोन्ही ट्रान्सड्यूसर कानाच्या लेव्हलला आणा आणि मग वजाबाकी करा.

११. भावाच्या कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय. त्याचा आयसीपी २५-३० च्या वर कधी गेलाच नाही, तरी डॉक्टर ब्रेन डेथ म्हणतात. कसं शक्य आहे?

शक्य आहे. हाड काढलं की डब्याचं झाकण उघडलं, मेंदू बाहेरच्या बाजूला फुगतो आणि प्रेशर बीपीएवढं चढतच नाही, पण मेंदू आतून मेलेला असू शकतो. ईव्हीडीतून सतत पाणी वाहतंय त्यांच्यातही तसंच. अशा पेशंटमध्ये अँजिओग्राफी-डॉपलरमध्येही थोडा रक्तप्रवाह दिसतो आणि सगळ्यांचा गोंधळ वाढतो, म्हणून इथे पूर्ण तपासणी आणि ॲप्निया टेस्ट यांनाच धरून राहायचं.

१२. हाड जागेवर आहे, आयसीपी नॉर्मलच्या आसपास, तरी ब्रेन डेथ?

दोन परिस्थितीत. एक, रक्तस्राव किंवा स्ट्रोक थेट ब्रेन-स्टेममध्ये किंवा लहान मेंदूत. सेन्सर बसतो वरच्या मोठ्या मेंदूत, खालच्या छोट्या कप्प्यात काय घडतंय ते त्याला पूर्ण कळत नाही. दुसरी, हृदय बंद पडून सुरू झालेले, गळफास, बुडालेले. पेशी ऑक्सिजनअभावी मेल्या, पण सूज दरवेळी तेवढी येत नाही. यांच्यात घाई अजिबात नको, हृदय पुन्हा सुरू झाल्यापासून किमान २४ तास थांबूनच तपासणी करावी असं आंतरराष्ट्रीय शिफारशीत आहे.

पहिल्या प्रकारात देशानुसार उत्तर बदलतं. आपला कायदा ब्रिटनसारखा ब्रेन-स्टेमवर आधारलेला आहे, ब्रेन-स्टेमची सगळी कामं कायमची थांबली की निकष पूर्ण. अमेरिकेत संपूर्ण मेंदू धरतात, त्यामुळे तिथे फक्त ब्रेन-स्टेम गेलेल्या पेशंटमध्ये थांबतात. तिकडे राहणारे नातेवाईक तिथल्या डॉक्टरला व्हॉट्सॲपवर विचारतात आणि वेगळं उत्तर आलं की इथे भांडण होतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१३. काल आयसीपी ९५ होता, आज ४० वर आला. सुधारणा आहे ना?

दुर्दैवाने बहुतेक वेळा नाही. ब्रेन-स्टेम गेला की रक्तवाहिन्यांचा ताण जातो आणि बीपी पडतं, आणि बीपीबरोबर आयसीपीही उतरतो. पुढे सूज स्वतःच ओसरते. खरी सुधारणा असेल तर आकड्यासोबत काहीतरी परत येतं, बाहुली आकसते, खोकला येतो, स्वतःहून श्वास घेतला जातो. यातलं एक जरी दिसलं तरी सगळं थांबवून पहिल्यापासून तपासायचं. यातलं काहीच नसेल तर खाली आलेल्या आकड्यावरून घरच्यांना आशा दाखवणं मला क्रूर वाटतं.

१४. आयसीपी उतरवायला थायोपेंटोन चालू होतं. आता तपासणी करता येईल?

लगेच नाही. खरी अडचण इथेच आहे, ज्या पेशंटला आयसीपी मॉनिटर असतो त्यालाच ही सगळी औषधं मिळालेली असतात: मिडाझोलाम, फेंटानिल, ॲट्राक्युरियम, आणि शेवटचा उपाय म्हणून थायोपेंटोन, जे चरबीत साठतं आणि ड्रिप बंद केल्यावरही दिवसेंदिवस रेंगाळतं. त्या अवस्थेत रिफ्लेक्स नाहीत याला अर्थ नाही. किमान पाच हाफ-लाइफ (एक हाफ-लाइफ म्हणजे औषध रक्तात निम्मं व्हायला लागणारा वेळ) थांबायचं, किडनी-लिव्हर बिघडले असतील किंवा शरीर थंड केलं असेल तर त्याहून जास्त. स्नायू ढिले करणारं औषध उतरलंय का ते नर्व्ह स्टिम्युलेटरने बघायचं. सूज उतरवायला दिलेलं मॅनिटॉल, ३ टक्के सलाईन आणि वर डायबेटिस इन्सिपिडस (मेंदूच्या बिघाडाने लघवी बेसुमार होणं), यात सोडियम १६० च्या पुढे जातं, तेही आधी खाली आणायचं. थांबणं शक्य नसेल तर रक्तप्रवाहाची तपासणी (प्रश्न ६). "आयसीपी एमएपीच्या वर आहे म्हणजे औषधांचा मुद्दा गौण" हे ऐकलंय मी राउंडवर, आणि ते मान्य करू नका.

१५. ॲप्निया टेस्टमध्ये कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्याने आयसीपी वाढून असलेला मेंदूही जाणार नाही का?

शंका रास्त आहे, कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि आयसीपी चढतो. म्हणूनच ती टेस्ट सगळ्यात शेवटी, बाकी एकूण एक रिफ्लेक्स नाही हे बघून झाल्यावरच. एकही रिफ्लेक्स शिल्लक असेल तर ॲप्निया टेस्ट करायचीच नाही. बीपी पडलं किंवा ऑक्सिजन उतरला तर टेस्ट तिथेच थांबवायची.

१६. आयसीपी एमएपीच्या वर आहे, पण मघाशी हात हलला! मी स्वतः पाहिलं.

तुम्ही पाहिलं ते खरं असेल. पाठीचा कणा जिवंत असतो, त्याच्यातून हात वर येणं, बोटं हलणं, पाय आखडणं होतं, मान वाकवली किंवा व्हेंटिलेटर काढला तेव्हा जास्त. पण हे कण्यातूनच आहे की मेंदूतून, हे अनुभवी डॉक्टरने येऊन ठरवायचं, आणि शंका राहिली तर डिक्लेरेशन थांबवायचं. चेहऱ्यावरची हालचाल मात्र वेगळी, ती सहज सोडून देऊ नका.

१७. लहान मुलांचं काय?

टाळू उघडी असेल तोवर कवटी बंद डबा नाही, म्हणून प्रश्न ११ चं उत्तर तान्ह्या बाळांनाही लागू. शिवाय बाळाचं सरासरी बीपीच ५०-६० असतं, तिथे आयसीपी ५० म्हणजे मोठ्या माणसाच्या ९० सारखाच घातक. मुलांमध्ये दोन तपासण्यांमधलं अंतर जास्त ठेवतात आणि बालरोग आयसीयूचा अनुभव असलेला माणूस पाहिजे.

१८. ब्रेन डेथ डिक्लेर झाली पण आम्हाला अवयवदान नको. मग व्हेंटिलेटर काढतात का?

नकार देणं हा तुमचा पूर्ण हक्क आहे, त्यावरून उपचारात किंवा बिलात कोणी त्रास देता कामा नये. कायद्यात मात्र गुंता आहे, ब्रेन-स्टेम डेथची व्याख्या प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे, मृत्यूच्या सर्वसाधारण कायद्यात नाही. केरळने २०२० मध्ये अवयवदान असो नसो, ब्रेन डेथ जाहीर करायची स्वतंत्र पद्धत काढली. इतर ठिकाणी हॉस्पिटलं बहुतेक सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या कॉमन कॉज निकालाचा (उपचार थांबवण्याबद्दलच्या) आधार घेतात, ज्याची प्रक्रिया २०२३ मध्ये सोपी केली, त्यात दोन मेडिकल बोर्ड लागतात. वेळ लागतो, तो धरून चला. दान करायचं असेल तर महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या झेडटीसीसीकडून (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र) अवयव वाटप होतं, गोव्यात सोट्टोचं (राज्याची अवयव प्रत्यारोपण संस्था) काम बांबोळीच्या जीएमसीतून चालतं. हॉस्पिटलचा ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर हे सगळं जुळवतो, तुम्हाला फोन करत बसायची गरज नाही.

१९. डिक्लेरेशननंतर आयसीपी मॉनिटरचं काय करायचं?

पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मधे तो चालू ठेवा, रीडिंग लिहीत राहा, पण फक्त आकडा उतरवायला मॅनिटॉल किंवा झोपेचं औषध परत सुरू करू नका, नाहीतर प्रश्न १४ नव्याने उभा राहतो. दुसरी तपासणी होऊन चौघांच्या सह्या झाल्या की आयसीपी आणि सीपीपीचं टार्गेट संपलं. दानाला संमती असेल तर पुढची सगळी धावपळ बीपी, सोडियम, लघवी, तापमान आणि ऑक्सिजनची. ईव्हीडी बंद करून ठेवा आणि स्क्रीनवरून आयसीपीची लाईन काढून टाका, नातेवाईक भेटायला येतात तेव्हा त्यांची नजर तिथेच जाते.